पाळणा आला

११ जून, पुणे

शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हा मुलींना रोज डायरी लिहायला लावायच्या. इंग्रजीत. त्या सगळ्या डायऱ्यांत मी फार गुणी मुलगी आहे. इंग्रजीत लिहायला बसले की माझा हात अजूनही आपोआप चांगलं वागू लागतो, म्हणून या वेळी मराठीत लिहायचं ठरवलं आहे.

कीर्तीला इथल्या हॉस्पिटलात कालपासून व्हिडिओच्या खोलीत ठेवलंय. डोकंभर वायरी चिकटवल्यात, वरून पांढरी पट्टी, समोर कॅमेरा. गोळ्या मुद्दाम कमी केल्यात. फिट यावी आणि ती मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून निघते ते मशीनला दिसावं, म्हणून. आयुष्यभर फिट येऊ नये म्हणून धडपडलो आणि आता दोघी बहिणी तिची वाट बघत बसलोय. माझ्या हातात एक बटण दिलंय. येतेय असं वाटलं की दाबायचं.

आज दुपारी ती मोसंबी सोलत होती. हात थांबला. म्हणाली, "ताई, पाळणा आला."

मी बटण दाबलं. मग नेहमीचंच. ओठांची मचमच, डावा हात चादर चिमटत राहिलेला, डोळे माझ्याकडं पण मी त्यांत नाही. मी तिला कुशीवर वळवलं, पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिले, "झालं, झालं. मी आहे इथं."

नंतर मशीनवरची मुलगी आत आली. म्हणाली, "मावशी, आमच्या पडद्यावर दिसायच्या आधी तुम्ही बटण दाबलंत! कसं कळलं?"

कसं कळलं! कीर्ती नऊ वर्षांची असताना बाबांनी आम्हाला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नेलं होतं आणि तिथल्या उंच पाळण्यात बसवलं होतं. तो वरून खाली येताना पोटात जे होतं ते तिला फार आवडलं. पुढं उन्हाळ्यात एक दिवस जेवताना ती म्हणाली, "ताई, पोटात पाळणा येतोय," आणि ताटावर आडवी झाली. तेव्हापासून आमच्या घरात कुणी फिट म्हटलं नाही, आकडी म्हटलं नाही. पाळणा. आई-बाबा गेले, आता हा शब्द जगात आम्हा दोघींनाच कळतो.

डॉक्टरीणबाईंनी तो विचारून घेतला आणि फाइलमध्ये लिहिला. चांगल्यासाठीच लिहिला. तरी मला ते आवडलं नाही.

१४ जून, पुणे

डॉक्टरीणबाईंनी आज समोर बसवून सांगितलं. इतक्या प्रकारच्या गोळ्या झाल्या, कशालाच फिट दाद देत नाहीत. अशा माणसाला आणखी एक गोळी देऊन फारसा उपयोग होत नाही. फिट डाव्या कानामागच्या एकाच जागेतून निघतात, ती जागा काढता येईल. "अशा शंभर ऑपरेशनमध्ये साठ-पासष्ट जणांच्या फिट थांबतात. काहींच्या कमी होतात, काहींना फारसा फरक पडत नाही. शब्द आठवायचं काम त्याच बाजूला चालतं, त्यामुळं काही महिने शब्द अडतील."

मी उरलेल्या पस्तिसांबद्दल विचारलं. कीर्तीनं विचारलं, "मग मला एकटीला आंघोळ करता येईल?"

बाई हसल्या. मग तिचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "येईल की."

आमच्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही. बाबांनीच काढून टाकली. दाराबाहेर एक लाकडी स्टूल असतं, त्यावर मी बसते आणि ती आंघोळ करते तोवर आम्ही बोलत राहतो. बोलणं थांबलं की मी दार ढकलते, असा नियम. माझ्या टेलिफोन ऑफिसातल्या भांडणांपासून आईच्या शेवटच्या दिवसांपर्यंत सगळं आम्ही त्या दारातून बोललोय. लग्नाचं कुणी विचारलं की मी म्हणायचे, स्टूलवर कोण बसेल मग? लोक हसायचे. मीही हसायचे.

२६ जून, पुणे

झालं ऑपरेशन. नीट झालं म्हणतात. डाव्या बाजूचे केस काढलेत, कानाच्या पुढून वर जाऊन मागं वळलेली टाक्यांची रेघ आहे. चेहरा सुजलेला. मला ओळखलं. 'ताई' हा शब्द अडला नाही. बाकी पुष्कळ अडतात.

शेजारच्या खाटेवर करमाळ्याची सोनाली म्हणून एक मुलगी आहे. मुलगी म्हणजे तिशीची. तिचं हेच ऑपरेशन दहा-बारा दिवसांपूर्वी झालं, टाके दुखले म्हणून परत आलीय. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात काम करते. तोंड एक क्षण बंद नसतं. सकाळी कीर्तीचं डोकं बघून म्हणाली, "कीर्तीताई, आपल्या दोगींचा न्हावी एकच दिसतोय की! डावीकडंच पैसं घेतलं, उजवीकडं उधारी ठेवली!"

कीर्ती हसली. टाके ताणले, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसली. ऑपरेशननंतरचं पहिलं हसू.

मी त्या वेळी सूप गाळत होते. असं काही मलाही सुचलं असतं. सुचायला वेळ लागला असता एवढंच.

शिवाय कीर्तीला आजवर कुणी ताई म्हटलेलं नाही. ताई मी आहे.

९ ऑगस्ट

सोलापूरला येऊन महिना झाला. पाळणा नाही. एकदाही नाही. लिहिताना हात थोडा थांबतो, दृष्ट लागेल म्हणून. मी असल्या गोष्टी मानत नाही, बाबांनी मानू दिल्या नाहीत, तरी थांबतो.

शब्द मात्र हरवतात. आज तिला झारा आठवेना. "ताई, ते दे ना... ते..." मी झारा दिला आणि शब्दही दिला. पुण्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय की लगेच शब्द पुरवू नका, तिला शोधू द्या. पण समोर बहीण चाचपडतेय आणि शब्द माझ्या ओठावर आहे, तो मी गिळायचा कसा? टेलिफोनवर तीस वर्षं मी लोकांना हवा तो नंबर जोडून दिला. हेही तसंच.

रविवारी सोनाली येते. तिच्यासमोर कीर्तीचा शब्द अडला की सोनाली मदत करत नाही, उलट खिजवते. आज कीर्ती म्हणाली, "ते... भोकाभोकाचं, तेलातलं..." तर ही म्हणते, "व्हय व्हय, आमच्या मालकाचं बनियन!" दोघी खुर्चीतून पडायच्या बाकी राहिल्या. मग कीर्ती एकदम ओरडली, "झारा!"

तिला तो सापडला. मी सकाळीच दिलेला होता.

१५ सप्टेंबर

आज कीर्ती म्हणाली, "ताई, न्हाणीघराला कडी बसवून घेऊ या का?"

मी म्हणाले, "हो, बसवू की. मायाप्पा सुताराला सांगते."

ती आंघोळीला गेली आणि मी स्टूलवर बसले. सवय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वर्षभर जपा. मी जपतेय.

६ ऑक्टोबर

मायाप्पाला सांगायचं राहिलंय. त्याच्या गल्लीकडं हल्ली जाणं होत नाही.

जेवताना कीर्ती शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खात होती. कडक भाकरी चावायला वेळ लागतो. मी तिच्या ओठांकडं बघत होते. ती चावायची थांबली आणि म्हणाली, "ताई, मी जेवतेय."

"हो की. मी कुठं काय म्हणाले?"

१० नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

सोनाली दुपारी आली होती. मी आत पोहे परतत होते. बाहेर दोघींची बडबड चालली होती. ती एकदम थांबली आणि स्टीलचा पेला पडल्याचा आवाज आला. तो आवाज मला झोपेतही कळतो. मी धावत बाहेर आले. कीर्ती खुर्चीत बसलेली असेल, मान कललेली असेल, हे मी धावतानाच पाहिलं होतं.

कीर्ती खाली जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीजवळ सोनाली पडली होती. कडक झालेलं अंग, मग झटके. कीर्तीनं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी घातली, स्टूल पायानं लांब सारलं. तोंडात काही घातलं नाही, हातपाय धरले नाहीत. सगळं बरोबर. आणि म्हणत होती, "झालं, झालं. मी आहे इथं."

माझी वाक्यं. माझ्याच चालीत. ती दर वेळी बेशुद्ध असायची, तरी तिनं ती ऐकली कशी?

मी हातात झारा घेऊन दारात उभी होते. कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

सोनाली शुद्धीवर आली, रडली, मग स्वतःच हसली. "माझा त्या पस्तिसांत नंबर लागला बगा, मोठ्या ताई," म्हणाली. तिला फिट येणं कमी झालंय, पण थांबलं नाही. आधी आठवड्याला यायची, आता दीड-दोन महिन्यांनी. "कमी हाय ते बी चांगलंच की," म्हणाली. कीर्तीनं तिचा हात सोडला नाही. पोहे करपले.

सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, हेवा आणि मत्सर एक नाहीत मुलींनो. दुसऱ्याचं आहे ते आपल्याला हवं, तो हेवा. आपलं आहे ते दुसऱ्याला मिळू नये, तो मत्सर. पहिल्याला माफी लवकर मिळते म्हणायच्या.

मी त्या मुलीबद्दल यांतलं काहीही लिहिणार नाही, कारण तसं काही नाही. ती आजारी आहे. एवढंच वाटतं की कीर्तीची मांडी अजून इतकं वजन घेण्याइतकी बळकट नाही.

१८ डिसेंबर, पुणे

सहा महिन्यांची तपासणी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळणा?" अगदी आपल्या घरातला शब्द असल्यासारखं.

कीर्ती म्हणाली, "एकदाही नाही."

मी म्हणाले, "नीट आठव. झोपेतून उठताना वगैरे? पोटात थोडंसं?"

"नाही, ताई."

"तुला कळलंही नसेल."

बाईंनी फाइलवरून डोळे उचलून माझ्याकडं बघितलं. मग कीर्तीला म्हणाल्या, असाच निकाल आम्हाला हवा असतो. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, दोन वर्षांनी बघू. कीर्तीनं विचारलं, काम करता येईल का? सोनालीच्या कारखान्यात बटणं लावायला, काज करायला माणसं हवी आहेत. बाई म्हणाल्या, जरूर करा.

हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. काज करायला कीर्तीला मी शिकवलंय. मला सिस्टर अ‍ॅग्नेसनी शिकवलं होतं, टाक्याला टाका लागून, मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच सुंदर. तिची शाळा सातवीत सुटली तेव्हा मी ऑफिसातून येऊन तिला इंग्रजी, गणित, भरतकाम सगळं शिकवायचे. ते काय त्या पोरांच्या चड्ड्यांच्या काजांसाठी?

परतीच्या बसमध्ये सोलापूरच्या अलीकडचं मोहोळ मागं पडेपर्यंत मी बोलले नाही. ती खिडकीतून बघत होती. बोलत नाही हे तिच्या लक्षात आलं की नाही, तेही कळलं नाही.

२ जानेवारी

कीर्तीनं पुन्हा कडीचं विचारलं. मी म्हणाले, मायाप्पाचं काही खरं नाही, या लोकांच्या दहा खेपा कराव्या लागतात.

१७ जानेवारी

गड्ड्याला जायचं सोनालीनं काढलं. मी नको म्हणत होते. गर्दी, धूळ, ते लाइट. कीर्ती म्हणाली, "ताई, तू दमली असशील तर राहा घरी." मी गेले.

जत्रेचं होम मैदान तसंच आहे. मौत का कुआँ, आरशांचं घर, बांगड्यांची दुकानं, भोंग्यांवर एकावर एक चढलेली गाणी. बाबा मला आणि कीर्तीला दोन हातांना धरून इथूनच न्यायचे. त्यांच्या अंगावर रेल्वेच्या गार्डाचा पांढरा ड्रेस असायचा आणि गर्दी त्यांना वाट द्यायची. मी शेंगदाणे घ्यायला थांबले. त्या दोघी पुढं गेल्या.

आणि गर्दीतून कीर्तीचा आवाज आला, "ताई! पाळणा आला!"

त्या वेळी मला काय वाटलं ते आधी लिहिते, म्हणजे नंतर टाळता येणार नाही. आधी मला बरं वाटलं. घाबरणं नंतर आलं.

मी पुडी टाकली. माणसं ढकलत गेले. तिला मागून धरलं, खाली बसवलं, आडवी केली, कुशीवर वळवली. "बाजूला व्हा! हवा येऊ द्या!" ती हात झटकत होती. फिटमध्येही ती हात झटकते, म्हणून मी आणखी घट्ट धरलं. "झालं, झालं. मी आहे इथं." ती काहीतरी बोलत होती. फिटमध्ये ती कधी बोलत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. लोक जमले. कुणी म्हणालं कांदा हुंगवा. एका माणसानं पायातली चप्पल काढली आणि खरोखर तिच्या नाकाला लावली.

"ताई, सोड मला! मी शुद्धीत आहे!"

"बगा, बडबडाय लागली," कुणीतरी बाई म्हणाली.

सोनालीनं त्या माणसाचा हात झिडकारला आणि माझ्या खांद्याला धरून मला हलवलं. "मोठ्या ताई, सोडा तिला! फिट न्हाय आली! आवो, पाळणा... त्यो बगा की पाळणा!"

मी वर बघितलं. दिव्यांचा पाळणा. आम्ही त्याच्या अगदी पायथ्याशी होतो. त्या दोघी तो शोधत चालल्या होत्या. तो आला, म्हणून तिनं मला हाक मारली होती.

कीर्ती उठली. ड्रेसची धूळ झाडली. नाक ओढणीनं पुसलं, पुन्हा पुसलं. केस अजून आखूडच आहेत, त्यांतली टाक्यांची खूण दिसत होती आणि लोक ती बघत होते. माझ्याकडं न बघता ती तिकिटाच्या खिडकीकडं गेली.

सोनाली म्हणाली, "मी न्हाय बसत बाई. माझा काय भरवसा हाय अजून?" म्हणून कीर्ती एकटी बसली. तिच्यासमोर एका बाईची दोन मुलं होती.

आम्ही दोघी खाली उभ्या राहिलो. पाळणा फिरायला लागला. दर फेरीला कीर्तीचा चेहरा खाली यायचा आणि मी बघायचे, डोळे ठिकाणावर आहेत ना. होते. एकदा तर तोंड उघडं होतं आणि ती ओरडत होती, त्या मुलांसारखी.

सोनाली वर बघतच म्हणाली, "मोठ्या ताई, खरं सांगू का? माझं लई जळतंय."

"काय?"

"जळतंय वो. आतनं. दोगींचं एकाच म्हैन्यात झालं. एकच डाक्टर, एकच खोली. तिचं फुल झालं, माझं हाफ. तिच्या जागी मी का न्हाय? घरी जाऊन रडते म्या. मग रविवारी येते तुमच्याकडं."

"मग येतेस कशाला?"

"मला दुसरी कीर्तीताई हाय व्हय?" ती हसली. "जळायचं आन् यायचं. तुमचं न्हाय का तसंच?"

ही मुलगी मोठ्यानं बोलते. भोंगे वाजत होते, तरी शेजारच्यांना ऐकू गेलं असणार. माझ्या पदरात पुडीतले चार शेंगदाणे अडकून राहिले होते, ते तिच्यापुढं धरले. तिनं दोन घेतले.

पाळणा थांबला. कीर्ती उतरली, जरा डुलली आणि तिनं खांब धरला. मी पुढं झाले नाही. कशी झाले नाही, मलाच ठाऊक.

ती म्हणाली, "तसंच होतं गं. अगदी तसंच, पोटात. फक्त खाली आले तर... मी होतेच."

हे तिनं सोनालीला सांगितलं. मी ऐकलं.

१८ जानेवारी

कीर्ती माझ्याशी बोलत नाही. रागानं नाही, जेवण वाढते, गोळ्या आपल्या हातानं घेते. बोलत नाही एवढंच.

मी सकाळी म्हणाले, "मला वाटलं..."

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे तुला काय वाटलं."

तिला सगळं ठाऊक आहे का? मला आधी काय वाटलं, तेही?

१९ जानेवारी

सकाळी ती न सांगता बाहेर गेली आणि मायाप्पाला घेऊन आली. मायाप्पा दारातच म्हणाला, "बाई, कडी बशिवणं दोन मिंटाचं काम हाय. कवाच सांगायचं की! तुमच्याकडनं सांगावाच न्हाय आला."

कीर्तीनं माझ्याकडं बघितलं. आता बोलेल असं मला वाटलं. बोलावी असंही वाटलं. ती त्याला पाणी आणायला आत गेली.

मायाप्पानं दाराच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "हितं पयली कडी व्हती की. भोकं मेणानं बुजवल्यात कुनीतरी." बाबांनी. मेणबत्तीचं मेण होतं, मी त्यांना ती धरून दिली होती. मायाप्पानं खिळ्यानं मेण उकरून काढलं आणि त्याच भोकांत नवी कडी बसवली. पितळेची आहे. कीर्तीनं निवडून आणली.

२० जानेवारी

आज ती आंघोळीला गेली. दार लावलं. मग कडी. असा आवाज आमच्या घरात नव्हता.

मी स्टूलवर बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "कारखान्यात कधीपासून जाणार?"

"सोमवारपासून."

"डबा देईन मी."

"बरं."

"सोनालीला कडक भाकरी चालते का?"

उत्तर नाही. पाण्याचाही आवाज थांबला. मी म्हणाले, "कीर्ती?" काही नाही. मी उठले, दार ढकललं. ते हललं नाही. पुन्हा ढकललं. "कीर्ती!"

"ताई," ती आतून म्हणाली, शांतपणे. "मी नुसती गप्प आहे."

मी दारावरचा हात काढला.

मग स्टूल उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. तिथं पाण्याचा आवाज येत नाही. तिथंच बसले. सोमवारच्या डब्यासाठी पीठ वेगळं काढून ठेवलं, कीर्तीचं आणि सोनालीचं.

फार वेळानं कडी निघाली. ती मात्र तिथवर ऐकू आली.